लूम चालू आहेत तोवर

सुरतेच्या उधन्यात कापड विणणाऱ्या लूमच्या कारखान्यांमागं जी लांबट गल्ली आहे, तिथं उखाचा शांत स्वभाव सगळ्यांना माहीत होता. मागून स्कूटरवाला हॉर्न देऊन देऊन थकला तरी उखा बाजूला होत नसे. शेवटी स्कूटरवालाच शिव्या घालत वळसा घेई. शेजारच्या घरात नवरा-बायकोचं जुंपलं तरी हा आपल्या ओट्यावर आभाळ बघत बसलेला. गल्लीतल्या बायका आपापल्या नवऱ्यांना सांगत, उखादादाकडून जरा शिका, किती सोसतो माणूस. खरी गोष्ट एवढीच होती, की उखाला ऐकू येत नव्हतं.

खानदेशातल्या पारोळ्याकडून तो सुरतेला आला तेव्हा विशीतला होता. त्यानंतरची चोवीस वर्षं तो रोज बारा तास लूमवर उभा राहिला. एका छताखाली साठ लूम धडधडत असताना तिथं कोणीच कोणाचं ऐकत नाही. कारीगर एकमेकांचे ओठ बघतात, बोटांनी खुणा करतात. त्यामुळं कान कधी गेले ते उखाला नीटसं कळलंही नाही. आवाज हळूहळू लांब लांब जात राहिले. पुढं लूमचा सूर तपासायलाही तो कानाऐवजी हात वापरू लागला. लोखंडी सांगाड्यावर तळवा ठेवला, की धोटा सरळ धावतोय की अडखळतोय, ते त्याला हाडापर्यंत समजे.

घरीही ओठांवरच भागायचं. नाही समजलं तर तो "हं" म्हणायचा. "हं" या एका अक्षरावर त्यानं बारा वर्षं संसार रेटला. बायको रुक्मिणी म्हणायची, माणूस चांगला आहे पण तंद्रीत असतो. त्याच्या गावी त्याचा एक बहिरा काका होता. पोरंटोरं त्याच्या मागं जाऊन डबडी वाजवायची आणि काका हसत पुढं चालत राहायचा. ते उखानं लहानपणी पाहिलं होतं, हातात डबडं घेऊन. म्हणून त्यानं कोणाला सांगितलं नाही.

आणि एक गोष्ट तर सांगण्यासारखीच नव्हती. बाहेरचे आवाज गेले, तसा आत एक आवाज येऊन राहिला. लूम चालल्यासारखी एक सलग, मऊ घरघर. सुट्टीच्या दिवशीही ती असे, झोपेतही असे. तिच्यातून चालताना उखाला वाटायचं, आपण गावाकडच्या बोरी नदीच्या पाण्याखालून चाललोय आणि वर कुठंतरी गाव आहे. हे त्याला आवडायचं, खोटं कशाला सांगा.

चौऱ्याण्णवच्या सालात त्याची एकुलती एक मुलगी सुषमा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिचं सासर धरणगावाजवळच्या एका खेड्यात. आठवा महिना संपत आला होता. या मुलीवर उखाचा फार जीव. ती लहान असताना भादव्याच्या पुनवेपासून गल्लीतल्या पोरी गुलाबाई बसवायच्या, गाणी म्हणायच्या आणि मग झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखायला लावायच्या. बाकीचे लोक डबा कानाशी नेऊन खुळखुळवत. उखा डब्याखाली नुसता तळवा धरून सांगायचा, खोबरं आहे. बरोबर निघायचं. पोरीला वाटायचं आपल्या बापाला जादू येते.

त्या वर्षी गणपती बोळवून तीन-चार दिवस झाले असतील नसतील, आणि बातमी आली की शहराच्या दुसऱ्या टोकाला माणसं तापानं पटापट जाताहेत. कोणी म्हणे प्लेग. मग काय, गल्लीच्या तोंडाशी पिंपळाच्या पारावर सभाच भरली. एका बाजूला दिलीपसर, मराठी शाळेत शिकवणारे, हातात दोन वर्तमानपत्रं. दुसऱ्या बाजूला हिलाल, उखाच्याच कारखान्यातला, हातात काही नाही पण आवाज दांडगा.

"ताप आणि खोकला म्हणजे प्लेग नव्हे," सर म्हणाले. "न्यूमोनियाही असेल. डॉक्टरांचंच अजून एकमत नाही. तपासणीचा अहवाल येऊ द्या."

"अहवाल येस तवलोंग आपण जित्ता ऱ्हासूत का, सर?" हिलाल म्हणाला. "मनी आजी सांगे, उंदीर पडना का घर सोडानं."

"तुझ्या आजीच्या वेळी औषधं नव्हती. आता कॅप्सूल आहे. पळापळीनंच जास्त माणसं मरतील."

"मंग दुकानमा कॅप्सूल का बरं मिळत नही?"

पहिल्या दिवशी उखानं सगळा वाद ओठांवरून नीट वाचला. दोघांचंही त्याला पटत होतं, आणि हीच पंचाईत होती. शेवटी कोणीतरी त्याला विचारलं, उखादादा, तुमचं काय मत? सगळ्यांच्या माना वळलेल्या पाहून त्याला काहीतरी बोलणं भाग होतं.

"लूम चालू शेतस ना?" तो म्हणाला. "शेठ लोके काय येडा शेतस? ते बंद पडतीन, तव्हय दखू."

हे लोकांना फार पटलं. अहवाल दिल्लीहून यायचा होता, पण लूमचा आवाज घरात बसून ऐकू येत होता. संध्याकाळपर्यंत ते वाक्य गल्लीभर झालं. रात्रपाळीला निघताना पोरंसुद्धा एकमेकांना सांगत होती, लूम चालू आहेत तोवर भ्यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी पारावरच्या निम्म्या लोकांच्या तोंडाला रुमाल होते. तिसऱ्या दिवशी सगळ्यांच्याच. पार भरलेला, हात हलताहेत, भुवया वर जाताहेत, आणि उखाला एक शब्दही दिसेना. सरांनी वर्तमानपत्रावर बोट आपटलं. हिलालनं आभाळाकडं हात केले. उखा एकाच्या डोळ्यांतून दुसऱ्याच्या डोळ्यांत बघत राहिला. डोळ्यांत मतं नसतात, नुसती भीती असते, आणि ती दोघांच्या डोळ्यांत सारखीच होती. तो "हं" म्हणाला आणि घरी आला.

घरी रुक्मिणीनं नाकावरून पदर घट्ट गुंडाळलेला, सुषमाच्या तोंडाला ओढणी. जावई ललितनं कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात फोन केला होता. निरोप महत्त्वाचा होता म्हणून सुषमानं तो पाटीवर लिहून बापासमोर धरला, कारण हल्ली नाना दोनदा सांगितल्याशिवाय लक्ष देत नाहीत, असं तिला वाटत होतं. सासरच्या गावानं ठरवलं होतं, उद्या संध्याकाळनंतर सुरतेहून येणाऱ्या कोणालाही वेशीच्या आत घ्यायचं नाही. सुषमाला आणायचं तर उद्या सकाळच्या गाडीनं आणा.

न्यावं तर गाडीत पाय ठेवायला जागा नाही, दारांना माणसं लटकलेली, आणि पोरीचं पोट असं. ठेवावं तर इथं काय होईल कोणाला ठाऊक. रुक्मिणी नवऱ्याकडं बघत होती. सुषमा बापाकडं बघत होती. उखानं पाटी खाली ठेवली आणि जे जगाला सांगितलं तेच घरात सांगितलं. "सकायलोंग दखू. लूम चालू शेतस ना."

तो रात्रपाळीला गेला. पहाटेपर्यंत लूम खरंच चालू होते. साठांपैकी वीसवर माणूस नव्हता एवढंच. सकाळी सातला येऊन तो भाकरी खाऊन आडवा झाला. गाडी साडेदहाची होती.

नऊच्या सुमाराला शेठनं वीज तोडून कारखान्याला कुलूप लावलं. गल्लीतला प्रत्येक कारखाना एकामागून एक गप्प झाला. चोवीस वर्षांत पहिल्यांदा तिथं कावळ्याचा आवाज नीट ऐकू आला आणि लोक घराबाहेर येऊन उभे राहिले. मग बोचकी निघाली. रुक्मिणी धावत आत आली, नवऱ्याला हलवून जागं केलं आणि पदराआडून म्हणाली, "उठा, लूम बंद पडनात. काय करानं?"

उखानं डोळे उघडले. बायकोचे घाबरलेले डोळे पाहिले. त्याच्या कानांत लूम व्यवस्थित चालले होते. "हं," तो म्हणाला आणि कूस बदलून झोपला.

रुक्मिणीनं त्याचा अर्थ घ्यायचा तो घेतला. सगळं कळूनही माणूस एवढा निवांत झोपतोय म्हणजे त्यानं ठरवलंय. त्याला काहीतरी दिसत असणार. तिनं बांधलेलं बोचकं सोडलं. साडेदहाची गाडी गेली.

उखाला मात्र मोठं छान स्वप्न पडलं होतं. तापीच्या तळाशी सगळी गल्ली चाललीय, रुमाल पाण्यात हलताहेत, आणि कोणालाच काही बोलायची घाई नाही.

संध्याकाळी तो उठला, तोंड धुतलं, डबा उचलला आणि नेहमीप्रमाणं पाळीला निघाला. सुषमा दारातच होती. तिनं त्याच्या हातातल्या डब्याकडं बघितलं, मग गल्लीच्या टोकाकडं. ती काहीतरी बोलली असावी; ओढणी हलली. उखा "हं" म्हणून पुढं गेला.

गल्लीत कुलपंच कुलपं होती. दिलीपसरांच्या दारालाही कुलूप होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते काही उगाच नाही; ओट्यावर त्यांची दोन्ही वर्तमानपत्रं मात्र नीट घडी करून ठेवलेली होती. हिलाल, जो चार दिवस पळा पळा म्हणत होता, तो आपल्या दारात हताश बसलेला. त्याला ट्रकमध्ये जागा मिळाली नव्हती. कोणाच्या तरी कोनाड्यात मातीची गुलाबाई एकटीच बसली होती, पुढ्यात चार सुकलेली फुलं. पिवळं ऊन पडलं होतं. कानांत घरघर चालली होती. उखाला ते सगळं अजून स्वप्नच वाटत होतं आणि त्यात तो सुखी होता.

कारखान्याचं शटर खाली होतं. त्यानं शटरला तळवा लावला, सवयीनं. पत्रा गार होता. तो बाजूच्या भिंतीपाशी गेला आणि दोन्ही हात पसरून भिंतीवर ठेवले. या भिंतीत चोवीस वर्षं धडधड होती. आता नुसती भिंत होती. कानांत लूम चालूच होते, आणि हातांना काहीच लागत नव्हतं. हातांनी त्याला कधी फसवलं नव्हतं.

तो पायरीवर बसला. सकाळचे रुक्मिणीचे डोळे त्याला आठवले आणि ती काय म्हणाली असेल ते आत्ता समजलं. आपल्या "हं"नं पोरीची गाडी चुकवली. उखाला रडू आलं, आणि तो तिथंच, उघड्या रस्त्यावर रडला.

मान वर केली तेव्हा सुषमा समोर उभी होती, कमरेवर हात ठेवून, धापा टाकत. मागं रुक्मिणी. सुषमा चार हात लांब थांबली. शहरात त्या दिवशी एकही तोंड उघडं नव्हतं. तिनं ओढणी सोडली, ओठ मोकळे केले आणि सावकाश विचारलं, "नाना, तुम्हले ऐकू येत नही ना?"

उखानं मान हलवली.

"कव्हयपासून?"

"बारा वरीस व्हई गयात."

रुक्मिणी पुढं आली. बारा वर्षांत आपण काय काय बोललो आणि त्यातलं किती वाया गेलं, याचा ती बहुधा हिशेब लावत असावी. मग तिनंही पदर खाली ओढला. तिच्या ओठांवर होतं, "मंग सांगानं नही का?" ती रागावली होती आणि रडतही होती.

"पोरी, मनी चूक व्हयनी," उखा म्हणाला. "आते तू सांग. तू म्हणशी तसं."

सुषमानं बंद शटरकडं पाहिलं. "त्या गर्दीमा माले जाताच येतं नही, नाना. मी कालदिनच ठरायेल व्हतं. तुम्ही कव्हय विचारतस, याचीच वाट दखत व्हतू." तिनं पायाखालच्या जमिनीकडं बोट केलं. "मी आठेच ऱ्हास. पण घरमा आते कोन्ही तोंड बांधानं नही."

तिघांनी तसंच केलं. बाहेर जाताना रुमाल, घरात तिघांना तीन कोपरे, तिन्ही दारं-खिडक्या उघड्या, आणि उजेडाकडं तोंड करून बोलायचं. हिलालनं कुठून तरी कॅप्सूल मिळवून आणल्या. दहा-बारा दिवस ती तिघं रिकाम्या गल्लीत एवढी बोलली, की तेवढी आधी कधी बोलली नव्हती. कोणाला ताप आला नाही. आला असता तर ही गोष्ट सांगायची कोणाची छाती झाली नसती, हेही खरं.

मग माणसं परतली, लूम सुरू झाले. दिलीपसर पारावर आले आणि म्हणाले, बघा, मी सांगतच होतो. हिलाल म्हणाला, मीही सांगतच होतो. खरंच प्लेग होता का, किती भ्यायला हवं होतं, यावर वाद पुन्हा रंगला. उखाला कोणी मत विचारलं तेव्हा तो म्हणाला, मला ऐकू येत नाही, समोर येऊन बोला. लोकांना तो विनोद वाटला.

कोजागिरीच्या आदल्या दिवशी सुषमाला मुलगी झाली. सुईण प्रमिलाबाईंनी बाळ पुसून, गुंडाळून उखाच्या मांडीवर ठेवलं. बाळाचं तोंड उघडं होतं, चेहरा लालबुंद. उखानं रुक्मिणीकडं, मग सुषमाकडं पाहिलं. दोघी एकदम काहीतरी सांगत होत्या आणि त्याला एकीचंही धड वाचता येईना.

त्यानं दुपट्यात हात घातला आणि बाळाच्या पाठीवर तळवा ठेवला. रडणं पाठीतून सरळ त्याच्या हाडांत आलं, जोरात, एका लयीत, कुठं न अडखळता.

"चालू शे," उखा म्हणाला.