दारापर्यंत जाऊन ये

मुलगी बघायला येणाऱ्या पाहुण्यांची मला मनापासून चीड आहे. फुकटचे पोहे खायचे आणि वर पोरीत खोट काढायची. पण त्या दिवशी मी तोंडाला कुलूप लावलं होतं. स्थळ भोंगवलीचं, मुलगा भोरला नोकरीला, आणि लग्नानंतर कॉलेजचं शेवटचं वर्ष पुरं करू देऊ, असं त्याच्या वडिलांनी फोनवर कबूल केलेलं. पोरीला हे स्थळ हवं होतं.

नाटकाचा विषय काढायचा नाही, असं बायकोनं सकाळपासून चारदा बजावलं होतं. पासलीच्या जत्रेतल्या नाटकात वीस वर्षं बाईची कामं मी करतो. आधीचं एक स्थळ तेवढ्यावरूनच मोडलं होतं.

मुलाचे वडील खुर्चीत असे रेलले होते, की जणू घर त्यांनीच बांधलंय. नाव, शिक्षण, स्वयंपाक विचारून झाल्यावर त्यांनी पोरीला दारापर्यंत जाऊन यायला सांगितलं. ती जाऊन आली. त्यांनी तिला पुन्हा एकदा जाऊन यायला लावलं. मी फरशीकडे बघत बसलो.

चालणं जरा रांगडं आहे, असं म्हणत त्यांनी मोबाईल काढला. त्यावर जपानातलं जुन्या पद्धतीचं नाटक होतं. पांढराफटक चेहरा, जड किमोनो आणि सरकत सरकत जाणारी बाई. बाईमाणसानं कसं चालावं ते हिच्याकडून शिका, असं प्रवचन त्यांनी पोरीला उभं करून सुरू केलं.

मी मोबाईल हातात घेतला. पाठीची पाती मागे आवळून खांदे खाली सोडलेले. गुडघे एकमेकांना सोडत नव्हते. तसं चालता यावं म्हणून मी गुडघ्यांत टॉवेल धरून परसात फेऱ्या मारल्यात, मांड्या भरून येईपर्यंत. खऱ्या बाईला एवढा खटाटोप करावा लागत नाही.

"ही बाई न्हाई, पाव्हणं. बाप्या हाय," मी म्हणालो.

ते खो खो हसले. बायांच्या चालण्यातलं तुम्हाला काय कळतंय, असं विचारलं. तिथं माझी सटकली. खांद्यावरचा टॉवेल पदरासारखा डोक्यावर घेतला आणि तस्साच चालत दारापर्यंत जाऊन आलो. जत्रेतल्या कामांचंही सांगून टाकलं. मुलानं मोबाईलवर व्हिडिओखालचा मजकूर वाचला आणि हा पुरुषच आहे, असं हळूच बापाला सांगितलं. बापाचं तोंड कडू झालं. कळवतो म्हणून उठले. त्या कळवतोचा अर्थ घरात सगळ्यांना कळला.

गाडी वळणाआड गेली तरी मी खुशीत होतो. चांगली जिरवली होती. ज्याला कलेतलं ओ की ठो कळत नाही, त्याच्या घरी पोर द्यायचीच कशाला, असं मी मोठ्यानं बोलत होतो.

पोरगी बशा गोळा करत होती.

"आबा, त्यांनी मला दोनदा चालाया लावलं," ती म्हणाली. "तवा तुमी काय बी बोलला न्हाई."