क्लिअर म्हणजे काय

वीज उपकेंद्रातल्या पॅनलसमोर ऑपरेटर ताईंची एकोणीस वर्षं गेली होती. आधी स्विच बंद करायचा, मग काम सुरू करायच्या परवान्याचा नंबर द्यायचा, आणि नंबर मिळाल्यावरच वायरमनने तारेला हात लावायचा, हे त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. नव्या माणसांना त्या बजावत, "चहा गार होऊ दे, पण घाई नको."

त्या दुपारी वारा सुटला आणि एक फांदी तारांवर पडली. फोन आला तो लांब्याचा. सहा फुटी, बोलघेवडा वायरमन. वाऱ्यात त्याचे शब्द तुटत होते.

"ताई, लाईन बंद करायचीय. ऐकू येतंय ना? क्लिअर?"

"क्लिअर," ताई म्हणाल्या. आवाज नीट येतोय, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. "थांब, नंबर देते," असंही त्या म्हणाल्या, पण तोवर फोन बंद झाला होता. तो शिडीवर चढूनच बोलत होता, हे त्यांना नंतर कळलं. त्या स्विचपर्यंत पोचायच्या आतच पॅनलवरची धोक्याची घंटा वाजली. लांब्याने चालू तारेला हात लावला होता, तो जागीच गेला.

चौकशीत साहेबांनी रेकॉर्डिंग तीनदा ऐकवलं.

"तुम्ही नंबर दिला नव्हता?"

"नाही."

"मग चूक त्याची. तुम्ही यातून क्लिअर आहात."

"साहेब, लाईन बंद झाली की आम्ही क्लिअरच म्हणतो. तो दुसरं काय समजणार?"

"ते लिहायची गरज नाही."

घरी नवरा म्हणाला, "सुटलीस ना? आता तोंड उघडू नकोस."

"चूक लांब्याची ठरली तर त्याच्या जागी त्याच्या बायकोला नोकरी मिळणार नाही."

"आणि तुझी गेली तर?"

दुसऱ्या दिवशी ताई लांब्याच्या घरी गेल्या. त्याची बायको दारातच उभी राहिली, आत या म्हणाली नाही. ताईंनी झालं ते सगळं सांगितलं, एक शब्दही न गाळता.

मग ती म्हणाली, "नुसतं 'येतंय' म्हणाल्या असतात तर?"

ताई आल्या पावली परतल्या. त्याच संध्याकाळी त्यांनी जबाब लिहून दिला: माझ्या तोंडच्या शब्दाचे दोन अर्थ होते, त्यातला एक ऐकून तो माणूस मेला, चूक त्याच्या एकट्याची नाही.

सहा महिन्यांनी निकाल लागला. ताईंची बढती कायमची थांबली. त्यांना पॅनलवरून काढून भांडारात बसवलं. लांब्याच्या बायकोला त्याच कार्यालयात आवक-जावक विभागात जागा मिळाली.

भांडाराची पत्रं ती स्वतः आणून देते. टेबलावर ठेवते, सही घेते, निघून जाते. तिने एकदा तरी बोलावं म्हणून ताई मुद्दाम पेन शोधत बसतात. ती उभी राहते, भिंतीकडे बघत.