शेजारच्या सीटचा ब्रेक

माझ्या मामांनी आयुष्यभर लोकांना गाडी चालवायला शिकवलं. शिकवायच्या गाडीत त्यांच्या सीटपुढेही एक ब्रेक होता. मामीसुद्धा त्यांच्याच हाताखाली शिकली. ती अपघातात गेल्यावर मामांनी शिकवणं सोडलं आणि गाडी विकायला काढली.

जाहिरात वाचून माणसं येत आणि टायरला लाथ मारून बघत, जणू टायर काही बोलणार होता. मग म्हणत, "तो जादा ब्रेक तेवढा काढून द्या." डीलरचंही तेच. मामा भडकत, "ब्रेक निघणार नाही. घ्यायची तर घ्या, नाहीतर वाटेला लागा!" शेवटी गाडी लिलावात लावली आणि ती ब्रेकसकट एका भंगारवाल्याने उचलली. मामांच्या या हट्टापायी माझं डोकंच फिरलं होतं.

परतताना ते माझ्या गाडीत शेजारी बसले. प्रत्येक वळणावर त्यांचा पाय खालची मॅट दाबत होता.

"मामा, जरा निवांत बसा ना. मी चालवतोय."

"तुझी मामीही हेच म्हणाली होती रे," ते म्हणाले. "गाडी तिच्या भावाची होती. मी शेजारी बसून पाय दाबत राहिलो, पण तिथे ब्रेकच नव्हता."