वस्तरामावशी

सिझरच्या आधी पोटावरचे केस काढताना वस्तरामावशीचा हात असा फिरायचा, की बाईला कळायचंसुद्धा नाही. डहाणूच्या आमच्या इस्पितळात ती आया होती. "पोरी, गुळगुळीत ते स्वच्छ," हे तिचं ठरलेलं वाक्य. न्हावीसुद्धा लाजेल गं, म्हणून आम्ही नर्सा तिला चिडवायचो. ती खूश व्हायची.

तलासरीकडच्या पाड्यांवरून आलेल्या पोरी भेदरलेल्या असायच्या. मावशी त्यांना म्हणायची, "इकडं बघू नको. वाटेत चिकूच्या वाड्या किती लागल्या, सांग." पोरगी आठवत बसायची, तोवर हिचं काम उरकलेलं.

तिची एकुलती एक लेक सुशी, वाढवणला मच्छीमाराच्या घरात दिलेली. सुशीचं सिझर ठरलं तेव्हा मावशीने आदल्या दिवशीच वस्तरा घेतला आणि लेक म्हणून दोनदा फिरवला. आठव्या दिवशी टाके पिकले. जखम उघडली, पू, ताप, पुन्हा टाके. महिनाभर पोरगी खाटेवर. सासू म्हणाली, ओली बाळंतीण असून बोंबील वाळत घालायला गेली असणार. सुशी रडून सांगत होती, "नाही गेले गं आई!" मावशीनेही सासूचीच री ओढली. मीही ओढली, लपवून काय करू?

पुढे काही वर्षांनी नवीन डॉक्टर मॅडम आल्या. त्यांनी बजावलं, पोट कापण्याआधी अँटिबायोटिकचं इंजेक्शन गेलंच पाहिजे, आणि वस्तरा बंद. केस आड येत असतील तर ऐन वेळी मशीनने नुसते कापायचे. मावशी भडकली. "कालची पोर मला शिकवते! माझे केस काय उन्हात पांढरे झालेत?" मॅडम हसल्या. त्यांनी मावशीला तिच्याच हातावर वस्तरा फिरवायला लावला आणि वर भिंग धरलं. साध्या डोळ्यांना न दिसणारे बारीक ओरखडे. "इथूनच जंतू आत शिरतात, मावशी."

मावशीने भिंग स्वतःच्या हातात घेऊन पुन्हा बघितलं. मग म्हणाली, "आदल्या दिवशी केलं, दोनदा केलं, तर?"

"मग धोका जास्तच," मॅडम म्हणाल्या. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत! "पण एकाच कारणाने होतं, असं नाही हं."

ते शेवटचं तिने ऐकलं की नाही कोण जाणे. दुसऱ्या दिवशी तिने रजा टाकली आणि वाढवण गाठलं. परत आली ती दमून. चहा पुढे केला तर घेईना. मी विचारलं, "काय म्हणाली सुशी?"

"म्हणाली, वस्तऱ्याचं जाऊ दे, आई. तुला कुठं ठाऊक होतं? पण मी खोटं बोलत नव्हते, एवढं तरी तेव्हा म्हणायचं होतंस."

मावशी त्यानंतर वर्षभरच नोकरीत होती. बायकांचा हात धरून बसायची, पण टाके पिकले तरी 'तू काय केलंस' असं तिने कुणालाच विचारलं नाही. गेल्या वर्षी ती वारली.

टाके पिकलेल्या बायका अजून येतात. सोबतची सासू सुरू करते, हिने हंडा उचलला, हिने वांगं खाल्लं. मी थकलेय हे ऐकून. तिला बाहेर बसवते आणि आधी आमचे कागद काढते. इंजेक्शन कापण्याआधी दिलं होतं का, ड्रेसिंगला हात कुणी लावला, हात कसे धुतले. बहुतेक वेळा आमच्याकडूनच काहीतरी राहिलेलं असतं. मग सासूला आत बोलावते आणि तिच्या देखत त्या पोरीला तसं सांगते.