डॉक्टरीणबाईची पोटदुखी

"पोटात काही नाही," लातूरच्या डॉक्टर मॅडम सोनोग्राफीचा रिपोर्ट बाजूला सारत म्हणाल्या. "हिला अँग्झायटी आहे. म्हणजे मनात सतत भीती. मन बोलत नाही, म्हणून पोट बोलतंय."

माझा विश्वासच बसेना. एवढी हुशार पोरगी, तिला कसली भीती?

मी अहमदपूरला शिवणकाम करते. माझी ऋतुजा बारावीत, लातूरला होस्टेलवर राहून डॉक्टरकीच्या 'नीट' परीक्षेची तयारी करत होती. दर रविवारी क्लासची टेस्ट, अन् शनिवारपासून पोटात कळा. आम्ही पित्त म्हणालो, मेसचं तिखट म्हणालो. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या उतरवल्या. वजन घटलं, केस गळाले, फोनवर नुसतं "हं, ठीक". पित्ताला वार कळत नाहीत, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

त्या दिवशी दवाखान्यात सोबत माझे दीर होते. तपासणी झाल्यावर ते म्हणाले, "चला, उठा डॉक्टरीणबाई."

मॅडम थांबल्या. "कोण डॉक्टरीणबाई?"

"आमची ऋतू की! धाव्वीचा निकाल लागला तवापासून सारी गल्ली तसंच म्हणती. किराणावाला बी."

मॅडमनी ऋतूकडे पाहिलं. ती खाली मान घालून म्हणाली, "मी अजून झालेच न्हाई. अन् न्हाई झाले तर मला काय म्हणतील?" मग तिचा बांधच फुटला.

तिला जरा शांत होऊ देऊन मॅडमनी सरळ विचारलं, "जीव नकोसा वाटतो का?"

असलं कुणी लेकराला विचारतं का!

"कवाकवा," ऋतू म्हणाली.

मॅडम मला म्हणाल्या, "विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. असलेला बाहेर पडतो. सध्या हिला एकटी ठेवू नका. दर आठवड्याला काउन्सेलिंगला आणा."

काउन्सेलिंग म्हणजे उपदेश नव्हे. तो आमच्या घरात पोत्यानं होता. तिथं लेकरू बोलतं अन् समोरचं माणूस ऐकतं.

ऋतूला घरी आणलं, जवळ झोपवलं. दीर घरोघर सांगून आले, "पोरीला नावानं हाक मारा." किराणावाला खट्टू झाला, "लाडानं म्हणत होतो की." लाडच होता तो, पण पोरगी त्याखाली दबली होती.

एक आठवडा बरा जायचा, दुसऱ्यात पुन्हा कळा. मी देवाशीही भांडले. हळूहळू ती गप्पा मारू लागली, अन् एक दिवस मॅडमना विचारून आपणहून लातूरच्या होस्टेलवर परत निघाली. काउन्सेलिंग अजून चालू आहे.

तुमच्याही लेकराचं दुखणं ठरावीक दिवशी येत असेल, बोलणं आटलं असेल, तर दृष्ट काढत बसू नका. जवळ बसा, सरळ विचारा, दवाखान्यात न्या. ताप आल्यावर नेतोच की आपण. मॅडमचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

गेल्या रविवारी टेस्ट सुटल्यावर ऋतूचा फोन आला. "आई, पेपर पार बोंबलला."

माझा मशीनवरचा पाय थांबला.

"अन् लई भूक लागली बघ. वडापाव खायलेय, मग बोलते."

"हाव, खा माय," एवढंच म्हणाले, अन् शिलाई मशीनवर डोकं टेकून पोटभर रडले.