रुमालाखालचा भाव

मुंबईचा दलाल श्रीवर्धनच्या बंदरावर सुपारी घ्यायला येई आणि रिवाजाप्रमाणे रुमालाखाली बोटं धरून प्रत्येक बागाईतदाराला गुपचूप भाव सांगे. त्या वर्षी त्याने माझ्या वडिलांची दोनच बोटं धरली. आदल्या वर्षी चार धरली होती.

"सिंगापूरची सुपारी बोटी भरभरून उतरतेय, अण्णा. तुमची आता घरीच चघळा."

वडिलांनी रुमाल ओढून फेकला. "बघा रे सगळे, हा काय देतोय ते."

दलाल उठला, तो पुन्हा आमच्या बंदरावर आला नाही. सगळ्यांची सुपारी पावसाळ्यात कुजली. सिंगापूरवर कोणी रागावलं नाही. राग निघाला तो वडिलांवर. गेल्या महिन्यात वडील गेले, तर त्यांना खांदा द्यायलाही त्या बागाईतदारांतला कोणी आला नाही. त्यांच्यातल्या कोणाच्याही दारात आता मीही पाय ठेवणार नाही.