चौथ्या चाकाचा पाईप

आमच्या रामनगरच्या गॅरेजात ब्रेक दाबायचं काम माझं. नवरा गाडीखाली, मी सीटवर. "दाब" म्हटलं की दाबायचं, "धर" म्हटलं की धरायचं. मग तो चाकाजवळचा निपल सैल करून तेलातले बुडबुडे काढणार. ब्रेकचा पाईप बदलला की हे करावंच लागतं. हवा राहिली तर पाय खाली जातो, गाडी थांबत नाही.

त्या दिवशी उळवीच्या जत्रेला निघालेला टेम्पो आला. मागच्या एका चाकाचा पाईप घासून फुटलेला, तेल गळतंय. मागं बायकापोरं, पुढं ड्रायव्हरची अव्वा, म्हणजे आई. नवरा पाव तासात गाडीखालून निघाला नि म्हणाला, "झालं. जावा आता."

मला हाक मारलीच नव्हती. म्हणजे मेल्यानं पाईप बदललाच नव्हता. दुमडून, हातोड्यानं ठेचून त्या चाकाचं तेल बंद केलं होतं. खानापूरला जाऊन नवा आणायचा कंटाळा! तीन चाकांच्या ब्रेकवर भरलेली गाडी घाटात सोडत होता.

ओरडले असते तर "बाईला काय कळतंय" म्हणून मोकळा झाला असता. मी पदराला हात पुसले नि टेम्पोत चढले. "मी बी येते देवाला."

"उतर खाली."

"का वो? गाडी झाली न्हवं?"

"उतर म्हनतो न्हवं!" दंड धरून ओढलंच त्यानं मला.

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. "वैनी नको, आनि माझी अव्वा चालती व्हय?"

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. चारचौघांत तोंड काळं झालं त्याचं.

मग गेला मुकाट्यानं, नवा पाईप आणून बसवला. पाय भरून येईस्तोवर मी ब्रेक दाबला. चारही चाकं झाली, एक बुडबुडा उरला नाही, खाली थेंब नाही. तरी ड्रायव्हर हलेना. "आता तुमच्या अव्वाला बसवा. मग मी निघतो."

घरी निरोप गेला नि सासूबाई इरकली लुगडं नेसून लगालगा आल्या. "किती वर्सं म्हनत हुते, उळवीला धाड म्हनून," टेम्पोतल्या बायकांना सांगू लागल्या. "आज आठवन झाली बगा माझ्या लेकाला."

बायकांनी सरकून जागा केली. मी त्यांची पिशवी वर दिली. नवऱ्यानं हात देऊन त्यांना चढवलं, नि त्यांनी त्याच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.